रविवारचे अण्णा

अण्णा, तुम्ही मला सायकल शिकवली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते, म्हणजे पुढं लिहिता लिहिता माझं मन विरघळलं तरी एवढं कागदावर राहील. मला सायकल आईनं शिकवली. तिला स्वतःला येत नव्हती. सिडकोतल्या आपल्या घरामागं मोकळं मैदान होतं, तिथं आता इमारत उभी आहे, खाली दवाखाना आहे. त्या मैदानात ती भाड्याच्या सायकलचं कॅरिअर धरून, पदर कमरेला खोचून माझ्यामागं धावायची. ‘पुढं बघ, पुढं बघ, मी हाय,’ असं ओरडायची. शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून हसायच्या. एका संध्याकाळी तिनं हात सोडला. मला ते कळलं नाही तोवर सगळं छान चाललं होतं. कळलं आणि मी पडले. कोपर मोडलं. तिनंच मला रिक्षात घालून नेलं, प्लास्टर ओलं असताना मी तिचंच बोट धरून बसले. तुम्ही घरी आलात, प्लास्टरकडं बघितलंत आणि तिला म्हणालात, ‘पोरीला कशाला पाहिजे सायकल? तुलाच लई हौस.’ मला एक शब्द नाही. मग पेपर उघडलात आणि तुमचं तोंड पेपरच्या मागं गेलं. मी दुखरा हात मांडीवर घेऊन त्या पेपरचं मागचं पान बघत बसले होते. त्यावर कुलरची जाहिरात होती. तुमच्या चेहऱ्यापेक्षा मला ती जाहिरात जास्त नीट आठवते, यात माझा दोष नाही.

तुम्हाला जाऊन वीस-बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्यावर रागावले नव्हते. तुमच्यावर रागवायला तुम्ही होता कुठं? तुम्ही चिकलठाण्याला कंपनीत लेथवर उभे असायचात, घरी आलात की हातपाय धुऊन बसायचात, आणि बसलेले असताना घरात एक कपाट जास्त आहे असं वाटायचं. मारलं नाहीत, दारू प्यायला नाहीत, पगार आईच्या हातात दिलात. लोक म्हणायचे, गरीब माणूस, आवाज नाही. मीही तेच म्हणत आले. माझे वडील अबोल होते, एवढं एक वाक्य मी लग्नात सासरच्यांना सांगितलं, नंतर माझ्या मुलीला सांगितलं, आणि त्या वाक्यानं माझं काम भागत होतं. दर रविवारी जेवण झालं की तुम्ही इस्त्रीचा सदरा घालून औरंगपुऱ्यात तुमच्या दोस्ताच्या, चाचांच्या, घड्याळाच्या दुकानी जायचात आणि दिवेलागणीला परत यायचात. आई विचारायची, ‘काय म्हणतात सगळे?’ तुम्ही म्हणायचात, ‘काय म्हणणार.’ रविवार संपला.

मग दोन महिन्यांमागं काकांच्या सुनेचा फोन आला. काका म्हणजे तुमचा तो एसटीतला दोस्त, कन्नडच्या गाडीवर कंडक्टर होता तो. पाचोडहून तुम्ही आणि ते एकाच दिवशी या शहरात आलात, चाचांच्या दुकानामागच्या खोलीत तिघं मिळून राहिलात, एवढंच मला माहीत होतं, तेही आईकडून. सून म्हणाली, ‘ताई, बाबांना आता काही आठवत नाही. ह्यांना ओळखत नाहीत, मला तर नर्सच समजतात. पण दर रविवारी चाचा येऊन जुन्या गोष्टी सांगतात ना, तेवढा वेळ ते पहिल्यासारखे असतात. हसतात, नीट जेवतात. आता चाचांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बाहेर पडू नका म्हटलंय. तुम्ही याल का? तुम्ही अण्णांची मुलगी. तुम्हाला त्या सगळ्या गोष्टी पाठच असतील.’ मी म्हणाले, मला एकही येत नाही. ती हसली. तिला मी विनय करतेय असं वाटलं. ‘असं कसं होईल? अण्णा तर म्हणे सांगायला लागले की दुकानाबाहेर गर्दी व्हायची.’ अण्णा, मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना गोष्टी सांगते. आणि माझा बाप गोष्टी सांगायचा, रस्त्यावरची माणसं थांबतील अशा सांगायचा, हे मला एका परक्या बाईनं फोनवर सांगावं?

मी चाचांकडं गेले. तुमच्या गोष्टी उसन्या आणायला गेले असं म्हणा. दुकान आता त्यांचा मुलगा बघतो, मोबाइलची कव्हरं विकतो, पण मागच्या बाजूला चाचांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल अजून तसंच आहे. चाचा काळा चष्मा लावून आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. ‘अगे बेटी, आ. तेरे बाप की कुर्सी पे बैठ.’ तुमची खुर्ची आहे तिथं, अण्णा. मी त्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, चाचा, मला काहीच माहीत नाही, तुम्ही सांगाल तसं मी काकांना सांगेन. त्यांनी मान हलवली आणि कन्नडच्या गाडीची गोष्ट सांगितली.

काका तेव्हा नोकरीला नवे होते. सुट्टीच्या दिवशी तुम्ही आणि चाचा त्यांच्या गाडीत उगीच सोबत म्हणून बसून गेला होता. गाडी वेरूळला चहाला थांबली. काका चहावाल्याशी भांडत बसले, साखर कमी घातली म्हणून. कुणाचा तरी हात दोरीला लागला, डबल घंटी वाजली आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. कंडक्टर खाली, गाडी रस्त्याला. लोक ओरडायच्या आत तुम्ही उठून उभे राहिलात. ‘बसा खाली. मी हाय ना.’ आणि तिथून कन्नडपर्यंत तुम्हीच कंडक्टरकी केलीत. दर गावाला घंटी देत, काकांच्या आवाजात, काकांसारखं खोकत, ‘उतरा उतरा, सासर आलं, रडू नका’ असं काहीबाही बोलत. चढणाऱ्याला सांगायचात, तिकीट कन्नडला मिळेल, साहेब मागून येतायत. म्हातारी माणसं पोट धरून हसत होती. ड्रायव्हरला शेवटपर्यंत पत्ता नाही. कन्नडला तो उतरून मागं आला आणि विचारायला लागला, कंडक्टर कुठंय? तुम्ही सलाम ठोकून म्हणालात, ‘येतील की मागच्या गाडीनं.’ तेवढ्यात कारखान्याकडं जाणारा उसाचा ट्रक आला, आणि ढिगाच्या वर काका बसलेले, ऊस खात. चाचा सांगता सांगता इतके हसले की डोळ्याला पाणी येऊ नये म्हणून त्यांच्या सुनेला येऊन रागवावं लागलं. मी पण हसले. हसता हसता मला चटका बसल्यासारखं झालं. नक्कल? तुम्ही? भर गाडीत उभं राहून? आमच्या घरात तुम्ही मीठ मागायला सुद्धा तोंड उघडायचा नाहीत, ताटाच्या कडेवर बोटानं टकटक करायचात.

तरीही मी ती गोष्ट घेऊन काकांकडं पदमपुऱ्यात गेले. काका खिडकीशी खाटेवर बसलेले, गालफडं बसलेली, नजर कुठंच नाही. ‘कोन?’ म्हणाले. सून म्हणाली, अण्णांची मुलगी. ‘कोनते अण्णा?’ मी स्टूल ओढून बसले आणि काही प्रस्तावना न करता सुरू केलं, ‘वेरूळला गाडी चहाला थांबली...’ त्यांचा हात वर गेला, हवेतच दोरी धरल्यासारखा. ‘टिंग टिंग,’ ते म्हणाले. मग मी सांगत गेले आणि ते मध्ये मध्ये भर घालत गेले. चहावाल्याचं तोंड कसं होतं, उसाच्या ढिगावरून खाली दिसणारी माणसं कशी दिसतात. ‘लई साला हरामखोर तुझा बाप,’ ते म्हणाले, आणि त्या शिवीत इतकी माया होती की मला हेवा वाटला. सून दारात उभी राहून डोळे पुसत होती. चार-पाच रविवार असे गेले. मी चाचांकडून गोष्ट आणायची, काकांना सांगायची. खरं सांगू का? मला आवडायला लागलं होतं. शनिवारीच मनात घोळवायचे. माझा आवाज तुमच्यासारखा जातो असं काका म्हणाले, तर मी घरी येऊन आरशासमोर पाहिलं.

आणि मग एका रविवारी काका स्वतःच म्हणाले, ‘आता ती सांग. सायकलची.’ मी म्हणाले, ती मला माहीत नाही काका. ‘अशी कशी माहीत नाय? तुझीच तर हाय.’ आणि सांगायला लागले. तुम्ही कंपनीतून लवकर सुटून यायचात म्हणे. मैदानात माझ्यामागं धावायचात, कॅरिअर धरून. पुढं बघ, मी हाय, असं ओरडायचात. बायका कुंपणाशी उभ्या राहून हसायच्या. मग तुम्ही हात सोडलात, मी पडले, कोपर मोडलं, आणि तुम्ही मला दोन्ही हातांवर उचलून पळत दवाखाना गाठलात. ‘रडत व्हता तो सांगताना,’ काका म्हणाले. ‘म्हणाला, पोरगी प्लास्टर घालताना माझंच बोट धरून बसली.’ काकांचे डोळे भरले होते. पोटच्या पोराचं नाव विसरलेला माणूस, आणि तुमचं खोटं त्याला शब्द न् शब्द पाठ.

अण्णा, तुम्ही नुसतं खोटं बोलला असतात तर मी सोडून दिलं असतं. तुम्ही काहीतरी मनानं रचलं असतं, तर बिचारा माणूस म्हटलं असतं. पण तुम्ही आईला काढून तिच्या जागी स्वतः उभे राहिलात. तिचं धावणं घेतलंत, तिचं ओरडणं घेतलंत, तिचं बोट सुद्धा घेतलंत. आणि एवढं सगळं तुम्हाला ठाऊक होतं याचा अर्थ मी आणि आई स्वयंपाकघरात बोलत होतो ते तुम्ही पेपरमागं बसून ऐकत होता. बायका हसल्या हे सुद्धा ऐकलंत. एवढे कान उघडे होते, मग तोंडाला काय झालं होतं?

मी म्हणाले, ‘काका, असं झालंच नाही. मला आईनं शिकवलं. अण्णा नव्हते तिथं.’ मी हे आवाज चढवून म्हणाले. काका ‘नव्हता?’ म्हणाले. ‘नव्हते.’ ‘मग आमाला का सांगितलं?’ त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, ‘ताई, काय बोललात तुम्ही त्यांना? ते जेवेनात. सारखं विचारतायत, तो नव्हता तर मग कोण होता.’ मी फोन ठेवला. तडक औरंगपुऱ्यात गेले. सोमवारची गर्दी, रिक्षा दुकानापर्यंत जाईना, मी मधेच उतरून चालत गेले आणि चालता चालता माझ्या मनातली भांडणं मोठ्यानं तोंडातून बाहेर पडत होती.

‘चाचा, सायकलची गोष्ट खोटी आहे, हे तुम्हाला माहीत होतं?’ चाचांचा काळा चष्मा आता गेला होता. ते टेबलाशी बसले होते. ‘हौ,’ ते म्हणाले. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, दचकतील. ‘पहिल्यापासून?’ ‘पहिल्यापासून, बेटा. त्या दिवशी तुझा बाप इथंच होता. तू मागं बसली होतीस त्याच कुर्सीत. कंपनीत लाइट गेली होती, दुपारीच सुटला होता. तुमच्या शेजारच्यांचा दुकानात फोन आला, पोरीचा हात मोडलाय म्हणून. मी म्हणालो, उठ, जा. तो म्हणाला, हाय की तिची आई.’ मी त्या खुर्चीकडं पाठ केली. ‘आणि पुढच्या रविवारी त्यानं कंडक्टरला ती गोष्ट सांगितली. माझ्यासमोर. माझ्याकडं बघून सांगितली.’ ‘आणि तुम्ही?’ ‘मी हौ म्हणालो. क्या बोलता? उसकू शरम थी, बेटा. खूप शरम होती त्याला.’

अण्णा, मी त्या म्हाताऱ्या माणसावर ओरडले. त्यांचा मुलगा पुढून धावत आला इतकं ओरडले. ‘शरम होती तर ती घेऊन घरी यायचं होतं! इथं कशाला आणली? तुम्ही दर रविवारी ऐकत होता, मान हलवत होता. एकदा तरी म्हणायचं होतं, अरे इथं काय सांगतोस, जा आणि खरंच धाव तिच्यामागं. मैदान कुठं पळून गेलं होतं? मी कुठं पळून गेले होते?’ चाचांनी मुलाला हातानंच परत पाठवलं. मग त्यांनी समोरच्या उघड्या घड्याळातलं काहीतरी चिमट्यानं हलवल्यासारखं केलं. म्हणाले, ‘कोण म्हणणार? मी? माझ्या मुलीच्या निकाहची गोष्ट विचार कंडक्टरला, मी कशी सांगतो. आणि तिला विचार काय झालं होतं. कंडक्टर पोराला मुंबईचा समुद्र दाखवला म्हणून सांगायचा. कधी नेलं नाही. आम्ही तिघंही तसलेच. कारखान्यात, गाडीत, इथं टेबलाशी, आम्हाला बोलता यायचं. उंबऱ्याच्या आत गेलं की नाही यायचं. आमच्या बापांनाही नाही यायचं. मग रविवारी इथं बसून जे करायचं राहिलं ते करून टाकायचो. एकानं सांगायचं, दोघांनी हौ म्हणायचं. ये ही दोस्ती थी हमारी. एकमेकाला खोटं पाडायचं नाही.’

ही तुमची दोस्ती. पन्नाशीपर्यंत, साठीपर्यंत टिकली, तुम्ही गेल्यावरही टिकली, सगळा औरंगपुरा तिचं कौतुक करतो. तिघं जण एकमेकांना चांगला बाप, चांगला नवरा असल्याचं प्रमाणपत्र देत बसायचे आणि तिकडं तीन घरांत बायका-पोरं रिकाम्या खुर्चीसमोर जेवत होती. चाचांनी ज्या प्रामाणिकपणे हे सांगितलं त्यानं माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला, कारण निघताना त्यांनी तुमच्या अजून दोन गोष्टी सांगितल्या, घड्याळाची आणि म्हैसमाळची. दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही मला घड्याळ आणलं होतंत. ओट्यावर ठेवलंत, ‘चाचाकडून आलंय,’ म्हणालात आणि पाय धुवायला गेलात. चाचांच्या दुकानात ती गोष्ट कशी आहे माहीत आहे? तुम्ही ते माझ्या मनगटावर बांधलंत म्हणे, आणि म्हणालात, आता तुझी वेळ सुरू झाली. किती सुंदर वाक्य आहे, अण्णा. मला का नाही म्हणालात? त्या वाक्यावर मी आयुष्य काढलं असतं.

घरी आले. आई आता माझ्याकडं गारखेड्यात असते, तुम्हाला माहीत नाही. ती ओट्याशी मेथी निवडत होती. माझं तोंड बघून म्हणाली, ‘काय झालं?’ मी सांगणार नव्हते. मग सगळंच सांगितलं. तिच्या जागी तुम्ही धावलात ते, तुम्ही दुकानात बसून राहिलात ते. मला वाटलं ती रडेल, नाहीतर तुम्हाला शिव्या देईल, आणि मला त्या शिव्या ऐकायच्या होत्या. ती म्हणाली, ‘धावले म्हणे माझ्यासारखे?’ ‘हो.’ ‘पदर खोचून?’ आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाणी दिलं. मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, ‘अजून काय काय सांगायचे?’

मी म्हणाले, म्हैसमाळची आहे एक. तिचा हात थांबला. तुम्हाला आठवत असेल, ती दर श्रावणात म्हणायची, म्हैसमाळला ढग खाली येतात म्हणे, एकदा जाऊ. तुम्ही म्हणायचात, बघू. इतकं जवळ, तासा-दीड तासाच्या वाटेवर, आणि शेवटपर्यंत बघूच. स्कूटरवर आपण तिघं कधी बसलोच नाही, ती फक्त तुमची कंपनीची आणि रविवारची होती. चाचांच्या दुकानात मात्र तुम्ही तिला म्हैसमाळला नेलंत. वर ढग होते, पुढचा रस्ता दिसत नव्हता, ती तुमच्या खांद्याला धरून बसली होती, वर पोचल्यावर तुम्ही दोघांनी भाजलेली कणसं खाल्लीत. मी हे कोरडेपणानं सांगितलं. आईनं विचारलं, ‘साडी कोणती होती?’

‘आई, साडीबिडी काही नव्हती. आपण गेलोच नाही.’

‘ते मला सांगतीस का? घरी मीच राहिले होते. त्यांनी कोणती सांगितली, ते विचारतीय.’

‘जांभळ्या काठाची.’

तशी साडी होती तिच्याकडं. मावशीच्या लग्नात घेतलेली. ती नेसून ती तुमच्यासमोर आली होती तेव्हा तुम्ही बुटाची नाडी बांधत होता आणि मान वर केली नव्हती, हे तिनंच मला मागं कधीतरी सांगितलं होतं. ‘म्हणजे बघितली होती,’ ती म्हणाली. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, ‘एका साडीच्या काठावर तू त्यांना माफ करून टाकतेस?’ तेव्हा तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा प्लास्टरातली पोर झाले. ‘माफ केलं असं कुठं म्हणले मी? माफी मागायला माणूस पाहिजे समोर. पण खोटं हाय म्हणून काय ऐकूच नये? इतकी वर्षं खरंच ऐकलं की त्यांचं. काय म्हणणार, काय म्हणणार.’ मग उठून हात धुतले आणि म्हणाली, ‘चल, भाऊजींकडं. माणूस उपाशी हाय तिकडं.’

आम्ही चाचांना वाटेत घेतलं. रिक्षात आई मधे, दोन बाजूंना आम्ही दोघं. काका भिंतीकडं तोंड करून पडले होते. ताट तसंच झाकलेलं. आई खाटेच्या कडेला बसली. ‘भाऊजी, ओळखलं का?’ त्यांनी वळून बघितलं. ‘वहिनी,’ म्हणाले. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मग लहान पोरानं तक्रार करावी तसं माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, ‘ही म्हणती सायकल झालीच नाय.’

मला वाटलं आता आई हो म्हणून जाईल, दोस्तीखातर, भाकरीखातर. आई म्हणाली, ‘सायकल झाली. पण मी धावले, भाऊजी. हे नव्हते. मी धावले, मी पडू दिलं आणि मीच दवाखान्यात नेलं.’ काकांनी चाचांकडं बघितलं. त्यांना वाटलं असेल, हा तरी हौ म्हणेल. चाचा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला कधी खोटं पाडलं नव्हतं. ‘हौ,’ ते म्हणाले. ‘भाभीच धावली. तो माझ्याकडं बसला होता.’

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. काका विचार करत होते, म्हणजे तसं दिसत होतं. मग अगदी हळू म्हणाले, ‘मग त्यानं काय केलं?’

अण्णा, त्या प्रश्नाला मी तयार होते. काहीच नाही केलं, असं माझ्या तोंडात आलं होतं. पण आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि म्हणाली, ‘त्यांनी मला म्हैसमाळला नेलं की, भाऊजी.’ आणि सांगायला लागली. ढग सांगितले, जांभळ्या काठाची साडी सांगितली, ती साडी भिजून पायाला कशी चिकटली ते सांगितलं, जे चाचांना सुद्धा माहीत नव्हतं. काका उठून बसले. सुनेनं ताट पुढं सरकवलं, त्यांनी बघितलं सुद्धा नाही, घास तोंडात घालत राहिले. चाचा मान हलवत होते, हौ, हौ. रिक्षातून परत येताना मी आईला विचारलं, सायकल नाही दिलीस आणि हे का दिलंस? ती म्हणाली, ‘सायकल माझी व्हती. ती मी कुणाला देणार नाय. म्हैसमाळ कुणाचंच नव्हतं.’

माझा राग गेलेला नाही. आईला असं शहाणपण सुचतं, मला सुचत नाही, आणि मी ते शिकणारही नाही. तुम्ही घरात बोलायला हवं होतंत. हे मी तुमच्या फोटोसमोर म्हणू शकत नाही, कारण फोटोला आई हार घालते, आणि टपालानं पाठवू शकत नाही, म्हणून इथंच लिहून ठेवून देतेय. कुणाला दाखवणार नाही. शिवाय त्या दिवशीची एक गोष्ट मी अजून लिहिली नाही, आणि ती तुम्हाला कळावी अशी माझी इच्छा नाही. आई सांगत होती तेव्हा मी ओठ घट्ट मिटून बसले होते. स्कूटर घाटाला लागली, ढग आले, ती तुमच्या खांद्याला धरून बसली, इथवर मी दम धरला. मग माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आणि मी? मी कुठं होते?’

आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. ‘तू पुढं उभी होतीस,’ ती म्हणाली, ‘त्यांच्या दोन हातांच्या मधी. अन् सारखी हॉर्न वाजवत होतीस.’

‘व्हय व्हय,’ घास चावत काका म्हणाले, ‘लई वाजवायची.’